१२९ माणसं आणि न ऐकलेली साक्ष

एक कागद आहे. ब्रिटिश नौदलाचा छापील फॉर्म. सापडला तर अमुक पत्त्यावर पाठवा, असं त्यावर सहा भाषांत लिहिलंय. मधल्या जागेत मे १८४७ची नोंद आहे : सगळं ठीक. आणि त्याच कागदाच्या समासात, कडेकडेने, अकरा महिन्यांनंतरचा मजकूर आहे : जहाजं बर्फात अडकली, ती सोडून दिली, २४ जण मेले, त्यात मोहिमेचा प्रमुखही. उरलेले १०५ जण पायी निघालोय.

पुढे काय झालं? त्या १०५ पैकी एकही जण घरी पोचला नाही.

जगातल्या न सुटलेल्या रहस्यांची यादी काढली की फ्रँकलिन मोहिमेचं नाव येतंच. गूढ म्युझिक लावलेले त्यावरचे व्हिडिओही पाहिले असतील तुम्ही. पण या गोष्टीत भुताखेतांपेक्षा भारी एक भानगड आहे. काय घडलं ते सांगणारी माणसं तिथेच होती. ती सांगतही होती. त्यांचं ऐकायचं नाही, असं लंडनने ठरवलं होतं.

फुल तयारीनिशी

१९ मे १८४५. सर जॉन फ्रँकलिन ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजं घेऊन इंग्लंडहून निघाला. काम होतं नॉर्थवेस्ट पॅसेज शोधायचं, म्हणजे कॅनडाच्या डोक्यावरून, बर्फाळ बेटांच्या मधून अटलांटिकमधून पॅसिफिकमध्ये जाणारा रस्ता. तयारीत काही कमी नव्हतं. बर्फ फोडायला लोखंडी पत्र्याने मढवलेली नाळ, वाफेची इंजिनं, तीन वर्षं पुरेल एवढं अन्न, वाचायला लायब्ररी. थोडक्यात, त्या काळातली सगळ्यात ‘हायटेक’ मोहीम.

जुलैच्या अखेरीस बॅफिनच्या उपसागरात देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांना ही दोन जहाजं दिसली. तेव्हा त्यांवर १२९ जण होते. युरोपीय माणसाने त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

तीन वर्षं गेली तरी पत्ता नाही. मग शोध सुरू झाला. फ्रँकलिनची बायको लेडी जेन हिने आकाशपाताळ एक केलं. सरकारने सुटकेसाठी वीस हजार पौंडांचं बक्षीस लावलं. १८५०मध्ये बीची बेटावर तीन थडगी सापडली. जहाजांचा मात्र पत्ता नाही.

चांदीचे चमचे

१८५४मध्ये जॉन रे नावाचा स्कॉटिश डॉक्टर त्या भागात नकाशे काढत फिरत होता. गडी वेगळाच होता. स्थानिक इनुइट लोकांसारखे कपडे घालायचा, त्यांच्याकडून बर्फाची घरं बांधायला शिकला होता. त्याला इनुइट भेटले आणि त्यांनी सांगितलं : काही हिवाळ्यांपूर्वी चाळीसेक गोरे लोक बोट ओढत दक्षिणेकडे जाताना आमच्या लोकांनी पाहिले. अगदी खंगलेले होते. नंतर त्यांची प्रेतंच दिसली. भुकेपोटी त्यांनी आपल्याच मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं होतं.

पुरावा? इनुइटांकडे अधिकाऱ्यांचे चांदीचे चमचे आणि काटे होते. फ्रँकलिनचं नाव कोरलेली छोटी प्लेटही होती. रेने त्या वस्तू विकत घेतल्या आणि रिपोर्ट दिला.

लंडनमध्ये एकच गहजब झाला. इंग्लिश खलाशी माणसाचं मांस खातील? शक्यच नाही! लेडी जेन संतापली. तिच्या बाजूने उभा राहिला चार्ल्स डिकन्स. होय, तोच कादंबरीकार. त्याने स्वतःच्या साप्ताहिकात लेख लिहिले. सूर असा, की ‘रानटी’ लोकांच्या बोलण्यावर विश्वास कसला ठेवता? कोणी सांगावं, त्यांनीच आपल्या माणसांना मारलं असेल! डिकन्स आर्क्टिकला कधीही गेला नव्हता. रेला बक्षिसातले दहा हजार पौंड मिळाले, पण मान मिळाला नाही. इतर संशोधक ‘सर’ झाले, हा राहून गेला.

समासात लिहिलेला तो कागद १८५९मध्ये किंग विल्यम बेटावर दगडांच्या राशीत सापडला. जहाजं सोडून लोक दक्षिणेकडे चालत निघाले, हे इनुइटांचं म्हणणं त्यातून खरंच ठरत होतं. पण माणसांच्या मांसाचा विषय निघाला, की सगळे गप्प.

हाडं बोलली

सव्वाशे वर्षांहून जास्त काळाने विज्ञान कामाला लागलं. १९८४मध्ये बीची बेटावरचं एक थडगं उघडलं, तर बर्फाने आतल्या तरुण खलाशाचं शरीर जवळजवळ जसंच्या तसं जपलेलं. शरीरात शिसं जास्त आढळलं, म्हणून डब्याबंद अन्नातून विषबाधा झाली असेल, अशी थिअरी गाजली. पुढच्या अभ्यासांनी तिच्यावर शंका घेतल्या. १९९७मध्ये मात्र किंग विल्यम बेटावरच्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हाडांवर सुरीचे वार होते. रेला इनुइटांनी सांगितलं होतं, अगदी तेच.

जहाजांचं काय? एक जहाज बुडालं आणि दुसरं वाहत दक्षिणेला उत्जुलिक नावाच्या भागात आलं, असं इनुइट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. जोआ हेवन गावातले लुई कामूकाक यांनी म्हाताऱ्या माणसांकडून या आठवणी गोळा करण्यात आयुष्य घातलं. २०१४मध्ये ‘एरेबस’ सापडलं. त्याच भागात, उथळ पाण्यात.

‘टेरर’ची गंमत तर आणखीच. सॅमी कोग्विक हा इनुइट माणूस २०१६मध्ये एका शोधनौकेवर कामाला होता. बोलता बोलता म्हणाला, सहा-सात वर्षांपूर्वी मासेमारीला जाताना बर्फातून एक लाकडी खांब वर आलेला पाहिला होता. फोटोही काढला, पण कॅमेरा हरवला. मग कोणाला काही बोललो नाही. नौकेने लगेच दिशा बदलली आणि काही तासांतच जहाज सापडलं. त्या जागेचं नाव आधीपासूनच ‘टेरर बे’! आत कपाटात बशा अजून रचून ठेवलेल्या आहेत.

मग उरलं काय?

भरपूर काही. सोडून दिलेली जहाजं इतकी दक्षिणेला कशी आली? बर्फाबरोबर वाहत, की काही जण परत चढले आणि त्यांनी ती हाकली? जहाजावर माणसांची चाहूल होती, असंही इनुइट आठवणींत आहे. फ्रँकलिनची कबर सापडलेली नाही. जहाजांच्या रोजनिश्याही नाहीत. त्या मिळाल्या तर बरंच कोडं सुटेल.

२०२४मध्ये मात्र एक दुवा जुळला. किंग विल्यम बेटावर सापडलेला एक जबडा डीएनएवरून ओळखता आला. तो जेम्स फिट्झजेम्सचा, म्हणजे ‘एरेबस’च्या कॅप्टनचा. त्यावर सुरीच्या खुणा होत्या. समासातला तो मजकूर लिहिणारा हात याचाच.

कोणी म्हणेल, शेवटी खाल्लंच ना त्यांनी माणसांना! पण उणे तीस-चाळीसच्या थंडीत, भुकेने मरणाऱ्या माणसांचा न्याय करायला आपण कोण? इनुइटांनीही त्यांना राक्षस म्हटलं नव्हतं. पाहिलं ते सांगितलं, एवढंच. तरी खोटारडे ठरले तेच.

पुढच्या वेळी ‘हे रहस्य आजवर कोणालाच उलगडलं नाही’ असं ऐकलंत, की एक प्रश्न जरूर विचारा. कोणालाच म्हणजे नेमकं कोणाला? तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारलं होतं का?