ओहोटीचे पाहुणे

मुलांनो, रायगड जिल्ह्याचा समुद्रकिनारा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. अलिबाग, किहीम, मुरुड, श्रीवर्धन ही त्यावरची प्रसिद्ध गावे. सुट्टीत लोक तेथे फिरायला येतात. हिवाळ्यात मात्र या किनाऱ्यावर दुसरेही पाहुणे उतरतात. ते सप्टेंबरपासून येऊ लागतात आणि बहुतेक एप्रिलपर्यंत परत जातात. हे पाहुणे म्हणजे दूर देशांतून आलेले पक्षी. त्यांना भेटायचे असेल, तर चार-पाच मित्रांनी मिळून एक सकाळ राखून ठेवावी.

केव्हा जावे? घड्याळाआधी चंद्राकडे पाहा. भरती-ओहोटी चंद्रावर अवलंबून असते. कोकणात तिथीवरून भरतीची वेळ काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, की भरतीचा तास मिळतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून भरती अकरा-बाराच्या सुमारास. तुमच्या घरी चांदची तारीख पाहतातच. चांदची चौदावी-पंधरावी आली, की पौर्णिमा आली असे समजा. भरतीच्या सुमारे सहा तास आधी ओहोटी असते. म्हणजे त्या दिवशी सकाळी आठ-नऊ वाजता पाणी चढत असते आणि दूर पांगलेले पक्षी किनाऱ्याकडे सरकतात. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्यामुळे सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि पक्ष्यांचे रंग स्पष्ट दिसतात.

बरोबर वही, पेन्सिल आणि मिळाली तर दुर्बीण घ्या. भडक कपडे घालू नका. चिखलात उतरू नका. एका जागी शांत बसा आणि आधी चोचींकडे पाहा. चिखल्या पक्ष्याची चोच आखूड असते. तो थोडे धावतो, थांबतो आणि वरवरचा किडा टिपतो. तुतवाराची चोच त्याहून लांब असते. तो ओल्या वाळूत चोच खुपसतो. कोरल पक्ष्याची चोच फारच लांब आणि खाली वळलेली असते. तो खोल बिळातले किडे व खेकडे ओढून काढतो. एकाच दस्तरखानावर सगळे बसलेले, पण प्रत्येकाचा घास वेगळा! म्हणून त्यांच्यात भांडणे कमी होतात.

हे पक्षी किती लांबून येतात? तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेट आणि मध्य आशियातील सरोवरांवर घरटी करतो. अनेक तुतवार सायबेरियातून येतात. एवढ्या प्रवासाला लागणारी शक्ती ते अंगात चरबी साठवून मिळवतात. २००७ मध्ये गॉडविट जातीची एक मादी अलास्काहून न्यूझीलंडला उडत गेली. तिने सुमारे आठ दिवसांत अकरा हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापले. वाटेत ती कोठेही उतरली नाही! आता विचार करा. आपण गंमत म्हणून थवा उडवतो, तेव्हा त्या पक्ष्यांची जमवलेली शिदोरीच खर्च होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ओहोटीला पक्षी जेवतात. भरतीला त्यांचे ताट पाण्याखाली जाते. मग ते कोठे बसतात? जवळच्या उघड्या खाजणात आणि मिठागरांत. तेथे ते पुढच्या ओहोटीपर्यंत विसावा घेतात. उरणच्या बाजूला अशी खाजणे पुष्कळ होती. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाले. बंदराने अनेकांना काम दिले. पण त्या परिसरात बंदर, रस्ते आणि वसाहती वाढल्या, तसा अनेक खाजणांवर भराव पडला. तेथे झाडे नसतात, शेती नसते. म्हणून माणसाला ती जागा रिकामी वाटते. पक्ष्यांसाठी मात्र ती मुसाफिरखाना असते. मुसाफिरखाना मोडला, तर जेवण असूनही पाहुणा राहणार कसा?

पक्षी समजून घ्यायला मोठी साधनेच लागतात असे नाही. डॉ. सालिम अली १९३० मध्ये जर्मनीहून शिकून परतले, तेव्हा त्यांना नोकरी उरली नव्हती. ते किहीमला येऊन राहिले. तेथे त्यांनी सुगरण पक्ष्यांची घरटी रोज लक्षपूर्वक पाहिली. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पाहून पसंत करते, मग नर ते पुरे करतो आणि दुसरे विणायला घेतो. किहीमच्या त्या निरीक्षणामुळे त्यांचे नाव झाले.

तुम्हीही वहीत तारीख, भरतीची वेळ, पक्ष्याची चोच आणि अंदाजे संख्या लिहा. भरतीला थवा कोठे जाऊन बसला, तेही अवश्य लिहा. पुढच्या हिवाळ्यात त्याच ठिकाणी पुन्हा जा. ती जागा तशीच आहे का आणि पाहुणे तितकेच आले का, हे तुमची वही तुम्हांला सांगेल.