जपायचं किती, पुसायचं केव्हा?

एप्रिल १८५८ मध्ये झाशी इंग्रजांच्या हाती पडली आणि राजवाड्यातला ग्रंथसंग्रह उद्ध्वस्त झाला. वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा झाशीतच होते. 'माझा प्रवास'मध्ये त्यांनी ती हकिगत लिहून ठेवली आहे. ज्या पोथीची नक्कल दुसऱ्या गावी नसेल, ती कायमचीच गेली.

खुद्द 'माझा प्रवास'चंच पाहा. चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये तो छापला, पण मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखित जपलेलं होतं, म्हणूनच दत्तो वामन पोतदारांना १९६६ मध्ये अस्सल मजकूर प्रसिद्ध करता आला. नवी प्रत आली म्हणून जुनी लगेच टाकायची नसते, ती यासाठी!

आज घरचे फोटो आणि हिशेब संगणकात असतात. रोज नक्कल काढली, तर डिस्क भरते. जुन्या नकला सरसकट पुसल्या, तर महिन्यापूर्वी चुकून खोडलेला फोटो परत मिळत नाही.

यावर 'आजोबा-वडील-मुलगा' ही पद्धत आहे. रोजच्या ७, आठवड्याच्या ४ आणि महिन्याच्या १२ नकला ठेवायच्या. मुदत संपली की सर्वांत जुनी पुसायची. संग्रह ५० जीबीचा असेल, तर अशा २३ पूर्ण नकलांना ११५० जीबी जागा लागेल. त्याऐवजी महिन्याची नक्कल तेवढी पूर्ण काढा, एरवी फक्त बदललेला भाग. मग ६०० जीबीहून थोडी अधिक जागा पुरते. मात्र हा भाग ज्या पूर्ण नकलेवर बेतलेला असतो, ती आधी पुसू नका.

एक डिस्क माहेरी किंवा भावाकडे ठेवा. आणि अधूनमधून नक्कल उघडून पाहा. न उघडणारी नक्कल असून नसल्यासारखीच!