कापायचं तर पॅड कापा, पत्रा नको

बारामतीशेजारच्या इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर साखर कारखान्यामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांच्या नावाने ते वसलं त्याच वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 रस्त्यावर आली. 1964 मध्ये तिचं नाव डिलाइट, नंतर प्रेसिडेंट आणि 1974 पासून पद्मिनी. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून गेली. आता ज्या गाड्या उरल्या त्या हौसेने सांभाळलेल्या. त्यांच्या 1089 सीसीच्या इंजिनाची माहिती असणारे मिस्त्री अजून सापडतात. रोजचा वैताग देतं ते दार. आपटल्याशिवाय लागत नाही आणि गाडी खड्ड्यात गेली की खडखडतं. म्हणून बाजारातलं नवं लॉक बसवायचा मोह होतो. माझं म्हणणं एवढंच की तो मोह रास्त आहे, पण त्याची किंमत आतल्या डोअर पॅडने मोजावी, दाराच्या पत्र्याने नाही.

आधी दोष कुणाचा ते पाहायला हवं. दार अर्धं उघडून मागच्या टोकाला धरून वर उचलावं. ते हाताला हललं तर बिजागरीची पिन झिजलेली आहे, दार खाली बसलंय आणि लॉक चौकटीवरच्या स्ट्रायकरच्या खाली येतंय. अशा दाराला कितीही भारी लॉक लावलं तरी ते चार महिन्यांत पुन्हा रडणार. पिना बदलून, स्ट्रायकर जुळवूनही दार पहिल्या टप्प्यावरच अडकत असेल, तर मात्र लॉकच्या आतला खटका आणि स्प्रिंग गेली असं समजावं. भंगारबाजारात जुनं अस्सल लॉक मिळतं, मग नवं कशाला, असं कुणी विचारेल. पण तेही तितकीच वर्षं उघडझाप सोसून आलेलं असतं. लॉक ही सजावटीची वस्तू नव्हे. अपघातात दार उघडून माणूस बाहेर फेकला जाऊ नये म्हणून अमेरिकेने 1968 पासून दाराच्या लॉकना मजबुतीचा नियम लावला, यावरून त्याचं मोल कळावं.

नवं लॉक आलं की आतली मांडणी बदलते. कडी ओढणारी सळई वेगळ्या उंचीवर येते, सेंट्रल लॉकिंगची मोटर घातली तर तिलाही जागा लागते. म्हणून काचेचं हँडल आणि आतली कडी काढून, क्लिपा न तोडता पॅड सोडवावं आणि काच पूर्ण खाली घेऊन पाहावं. काच वर असताना मोकळी दिसणारी जागा तेव्हा मोकळी नसते. आतल्या पत्र्याला कारखान्यातूनच आलेली भोकं आहेत. त्यांचाच आधार घेऊन एक पट्टी बोल्टने कसावी आणि नवे भाग त्या पट्टीवर बसवावेत. नव्या कडीचं भोक आधी पुठ्ठ्यावर कापून जुळवावं, मग तोच पुठ्ठा ठेवून हार्डबोर्डचं नवं पॅड कापावं आणि कुशनवाल्याकडून त्यावर रेक्झिन चढवून घ्यावं. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच, म्हणून पॅडच्या पाठीला वॉर्निश आणि पत्र्यावर प्लॅस्टिकचा कागद हवाच. नाहीतर एका पावसाळ्यात हार्डबोर्ड फुगतो. मूळ पॅड गुंडाळून माळ्यावर जपून ठेवावं.

अस्सलपणाचे आग्रही म्हणतील, एक भोकही पाडलं तरी गाडी बाटली. गाडी फक्त प्रदर्शनात उभी राहणार असेल तर त्यांचं खरं आहे. जी घरच्यांना घेऊन रस्त्यावर धावते तिला हा निकष लावणं धोक्याचं आहे. शिवाय 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा क्रमांक देताना गाडी मूळ रूपात असावी, तिच्यात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट घातली. पहिल्या पद्मिनी आता या वयाला पोहोचल्या आहेत. बॉडीचा पत्रा कापून वेल्डिंग केलेला मालक तिथे स्वतःच अडचण ओढवून घेतो. बोल्ट सोडून जुनं पॅड परत लावू शकणाऱ्याला ही चिंता उरत नाही. दुरुस्ती चांगली की वाईट हे ती किती दिसते यावर ठरू नये. पुढच्या मालकाला ती उलटवता येते का, हा प्रश्न विचारावा, आणि त्या कसोटीला पॅड उतरतं, पत्रा उतरत नाही.