पाठीवर चूल घेऊन धावणारी गाडी

शेतावरची एक पिकअप गाडी डोळ्यांसमोर आणा. मागच्या हौद्यात लोखंडी पिंप उभं आहे. शेतकरी पिंपाचं झाकण उघडतो, टोपलीभर लाकडाचे ठोकळे आत ओततो, झाकण घट्ट लावतो आणि थोड्या वेळाने गाडीत बसून भुर्रकन निघून जातो! आणि पेट्रोल? एक थेंबही नाही!

"काहीतरी थापा!" असं म्हणाल तुम्ही. पण ही थाप नाही, बरं का. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या एका शेतकऱ्याने अशा पिकअप गाड्या स्वतः तयार करून वर्षानुवर्षे चालवल्या आहेत.

मग हे वाफेचं इंजिन आहे का? छे! गाडीचं इंजिन नेहमीचंच, पेट्रोलवर चालणारं. गंमत आहे ती पिंपात. ती समजून घ्यायची तर आई-बाबांना आगपेटीतली एक काडी ओढायला सांगा आणि ज्योत नीट पाहा. ज्योतीच्या आत, काडीला लागून थोडा काळसर भाग दिसेल. लाकूड तापलं की त्यातून वायू बाहेर पडतात. ज्योत असते ती या वायूंची!

हे वायू तिथेच जळू न देता इंजिनापर्यंत नेले तर? पिंपात नेमकं हेच होतं. वरचे ठोकळे आधी सुकतात, मग खालच्या धगीने तापून वायू सोडतात आणि त्यांचा कोळसा होतो. खाली हवा मुद्दाम बेताचीच सोडलेली असते. तिथे तापमान १००० अंश सेल्सिअसच्याही वर जातं. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ लालबुंद कोळशातून जाताना पुन्हा बदलतात. त्यांच्यापासून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे दोन जळणारे वायू मिळतात. हाच लाकडाचा गॅस. पुढे त्यातली राख आणि काजळी गाळायची, तो थंड करायचा, हवेत मिसळायचा आणि इंजिनात सोडायचा. इंजिनाला काय, ठिणगी पडल्यावर पेट घेणारं काहीतरी मिळालं म्हणजे झालं!

ही युक्ती नवी नाही. फ्रान्सच्या जॉर्ज इंबेर यांनी १९२०च्या दशकात मोटारींसाठी असं यंत्र तयार केलं. पण त्याची खरी गरज पडली दुसऱ्या महायुद्धात. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वेवर हल्ला केला आणि शेजारच्या स्वीडनचा समुद्रमार्ग जवळजवळ बंद झाला. पेट्रोल येणार कुठून? देशात तेल नव्हतं, पण जंगलं मात्र अफाट होती. काही वर्षांतच स्वीडनमध्ये लाकूड आणि कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या गाड्यांची संख्या ७० हजारांवर गेली. बस, मालमोटारी, ट्रॅक्टर, सगळ्यांच्या अंगावर पिंपं चढली! आपल्या देशातही त्या काळात कोळशाच्या गॅसवरच्या मोटारी धावत होत्या. घरात पणजोबा असतील तर त्यांना जरूर विचारा.

मग युद्ध संपल्यावर ही पिंपं गेली कुठे? पेट्रोल मिळू लागताच लोकांनी ती भराभर काढून टाकली. कारण लाकडावरची गाडी मालकाकडून भरपूर काम करून घेते. एक लिटर पेट्रोलचं काम करायला अडीच-तीन किलो वाळलेलं लाकूड लागतं. तेही सारख्या आकाराचे तुकडे करून! निघण्याआधी जाळ पेटवा, गॅस तयार होईपर्यंत थांबा, घरी आल्यावर राख काढा, गाळण्या साफ करा. शिवाय या गॅसमध्ये जवळजवळ निम्मा नायट्रोजन असतो आणि तो जळत नाही. त्यामुळे इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्श्याने, कधी तर निम्म्यानेही कमी होते. चढावर गाडी धापा टाकते!

सगळ्यात मोठा धोका आहे कार्बन मोनॉक्साइडचा. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मग शरीराला ऑक्सिजन मिळत नाही आणि माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. युद्धकाळात स्वीडनमध्ये अशा विषबाधेच्या पुष्कळ घटना घडल्या. म्हणून अशी गाडी बंद खोलीत पेटवायची नाही, आणि घरी हा प्रयोग करून पाहण्याचा विचारसुद्धा करायचा नाही! बंद खोलीत शेगडी ठेवून झोपू नये, असं मोठी माणसं सांगतात, तेही याच वायूमुळे.

म्हणजे ही युक्ती टाकाऊ आहे का? तसंही नाही. आपल्या सातारा जिल्ह्यात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाच्या पाचटापासून गॅस तयार करणारी भट्टी विकसित केली. तो गॅस गाडीसाठी नव्हे, तर कारखान्यांना लागणाऱ्या उष्णतेसाठी होता. एरवी पाचट शेतातच पेटवून देतात आणि नुसता धूर होतो!

खरा प्रश्न आहे तो इथेच. हिरवं झाड तोडून गाडी पळवली, तर पेट्रोल वाचेल, पण जंगल संपेल. वखारीतले ढलपे, शेतातला काडीकचरा वापरला, तर वाया जाणारी ऊर्जा कामाला येईल. यंत्र तेच, त्याला काय खाऊ घालायचं, हे आपण ठरवायचं. पुढच्या वेळी गावाला जाल तेव्हा जरा पाहा, तुमच्या आसपास काय काय नुसतंच जाळून टाकतात?