पाय न टेकता

भावाच्या मागे बसून सेलूहून पवनारमार्गे वर्ध्याला गाडीच्या परवान्याची परीक्षा द्यायला गेले, तेव्हा माझ्या शिकाऊ परवान्याला महिना उलटला होता. 30 दिवसांआधी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही.

निरीक्षकांनी स्कूटीने 8 चा आकडा काढायला सांगितला. वेग कमी, वळण अरुंद आणि पाय टेकायचा नाही. नजर चाकाकडे गेली की तोल जातो. ती पुढच्या वळणावर ठेवायची. मला ही परीक्षा फार मोलाची वाटते. कापसाच्या हंगामात आमच्या रस्त्यांवर बैलगाड्या, ट्रक आणि शाळेच्या सायकली एकत्रच चालतात. हाच तोल तिथे रोज लागतो.

नापास झालात तर 7 दिवसांनी पुन्हा देता येते. बायांनो, दलाल शोधू नका. मोकळ्या मैदानावर सराव करा आणि परीक्षा स्वतः द्या.