चालता ट्रॅक्टर मध्येच का थांबतो?

गळीत हंगाम ऐन भरात असतो. फडातली तोड झालेली, ट्रॉल्या भरलेल्या, आणि कारखान्याच्या वाटेवर चढाला ट्रॅक्टर धापा टाकून बंद पडतो. मिस्त्री येईस्तोवर तो पुन्हा सुरू! मग मिस्त्री तरी काय पाहणार? दोन दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं.

कायमचं बंद पडलेलं इंजिन परवडलं, पण अधूनमधून दगा देणारं इंजिन मालकाला खर्चात घालतं. आधी नोझल बदलतात, मग पंप खोलतात. दोष मात्र जागच्या जागी राहतो. इकडे तोडलेला ऊस ट्रॉलीत वाळतो, वजन घटतं, साखरही उतरते. म्हणून सभासद बंधूंनो, पाना हातात घेण्यापूर्वी इंजिन कोणत्या तऱ्हेनं बंद पडतं, ते पाहा. निम्मा दोष तिथंच सापडतो.

पहिली तऱ्हा : ओढ हळूहळू कमी होते, इंजिन गुदमरतं आणि थांबतं. दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवलं की पुन्हा चालू होतं. इथं डिझेल पुरेसं पोचत नाही, असं समजावं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडखळत पडतं. दुसरं भोक पाडलं की धार लागते. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असतं, ते याच कारणासाठी. ते धुळीनं, पाचटाच्या भुशानं बुजलं की टाकीत ओढ बसते आणि डिझेल खाली उतरत नाही. इंजिन थांबताच झाकण जरा सैल करा. सुस्स असा आवाज झाला आणि इंजिन सुरळीत चालू लागलं, तर दोष झाकणाचा. नसेल तर टाकीच्या तोंडची जाळी आणि डिझेल फिल्टर तपासा. ही तपासणी करताना विडी-काडी दूर ठेवावी.

दुसरी तऱ्हा : इंजिनाचा आवाज वर-खाली होतो, सकाळी सुरू व्हायला कुरकुर होते. ही बहुधा लाइनीत हवा शिरल्याची खूण. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीला बारीक चीर असली किंवा बोल्टाचा तांब्याचा वॉशर बसका झाला, तर चालत्या इंजिनात तिथून डिझेल गळेलच असं नाही. उलट हवा आत ओढली जाते. म्हणून गळती दिसत नाही आणि आपण फसतो. हवा काढूनही पुन्हा पुन्हा बुडबुडे येत असतील, तर ही नळी आणि वॉशर पाहावेत.

तिसरी तऱ्हा : किल्ली फिरवावी तसं इंजिन खटकन बंद होतं, विशेषतः खड्ड्यात आदळल्यावर. ज्या ट्रॅक्टरला डिझेल बंद करणारा विजेचा सोलेनॉइड आहे, तिथं त्याची वायर, फ्यूज आणि बॅटरीची टोकं हलवून पाहावीत. पंप खोलण्याची घाई नको.

एका वेळी एकच गोष्ट बदला. चार वस्तू एकदम बदलल्या तर गुण कशानं आला हे कळत नाही, आणि बिल मात्र चारही वस्तूंचं भरावं लागतं. ड्रायव्हरजवळ एक वही द्यावी. वेळ, चढ की सपाट रस्ता, टाकीत डिझेल किती, इंजिन कसं थांबलं, किती वेळानं सुरू झालं, एवढंच लिहावं. पाच-सहा नोंदी झाल्या की मिस्त्रीचं काम हलकं होतं.

एक इशारा. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यांपैकी अनेकांत कॉमन रेल पद्धत आहे. तिथं डिझेलचा दाब जबर असतो. नळीतून निघालेली फवार कातडी फोडून आत शिरते. अशा इंजिनाची दाबाची नळी कुणीही सैल करू नये. मीटरवर उमटणारा दोषाचा अंक लिहून घ्यावा व जाणकाराला दाखवावा.

आणि रस्त्यात बंद पडलंच, तर आधी ट्रॉलीच्या चाकांना दगड लावा, मागून येणाऱ्याला दिसेल अशी खूण करा. इंजिन नंतर पाहता येईल. माणूस आधी सांभाळावा.