विष नेमकं कुणासाठी?

‘केंड हा विषारी मासा खाणारा मरतो हे खरं, पण तोवर केंडही त्याच्या पोटात गेलेला असतो. मग विषाचा त्याला उपयोग काय?’ मालवणच्या एका वाचकाचा हा प्रश्न फारच नेमका आहे.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर, लिझार्ड बेटाजवळ, केंडाचा एक चिमुकला भाऊबंद राहतो. कॅन्थिगॅस्टर व्हॅलेंटिनी असं त्याचं भारदस्त नाव. लांबी फार तर अकरा सेंटिमीटर. पांढुरक्या अंगावर खोगिरासारखे चार काळे पट्टे मिरवत तो दिवसाढवळ्या प्रवाळांत हिंडतो. मादी शेवाळात अंडी घालते आणि निघून जाते, राखण कुणीच करत नाही. संशोधक विल्यम ग्लॅडस्टोन यांनी ही अंडी इतर माशांना देऊन पाहिली, तर त्यांना ती रुचेनात. माशांना हे विष, म्हणजे टेट्रोडोटॉक्सिन, चवीवरूनच कळू शकतं. ट्राउटला तर ते पाण्यात नाममात्र असलं तरी जाणवतं. ‘सायनाइडच्या हजारपट जहाल’ हे वाक्य बातम्यांत हमखास येतं. माशाला त्याचं काय? शिकारी मरायलाच हवा असं नाही, त्याने थुंकून टाकलं की झालं.

माणसाच्या जिभेला मात्र ही अक्कल नाही. सप्टेंबर १७७४ मध्ये न्यू कॅलेडोनियात कॅप्टन कुक यांच्या जहाजावर असाच एक मासा आला. निसर्गअभ्यासक फॉर्स्टर पितापुत्रांचं त्याचं चित्र आणि वर्णन होईतो इतका उशीर झाला, की फक्त यकृत आणि गाभोळीच शिजवली. (म्हणजे नेमके सर्वांत विषारी भाग!) तिघांनी जेमतेम चव घेतली. पहाटे अंग बधिर झालं. पाण्याने भरलेलं भांडं जड की पक्ष्याचं पीस, हे कुक यांच्या हाताला कळेना. आतडी खाल्लेलं डुक्कर सकाळी मेलेलं सापडलं.

व्हॅलेंटिनीच्या या दबदब्यावर दुसराच एक मासा जगतो. पॅराल्युटेरस प्रायोन्युरस स्वतः बिनविषारी, पण पट्टे हुबेहूब तसेच. ज्युलियन कॅली आणि डॉल्फ श्लूटर यांनी लिझार्ड बेटापाशी प्लास्टिकच्या माशांवर प्रयोग केले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार शिकारी मासे व्हॅलेंटिनीशी ओझरतं साम्य असलेल्या प्रतिकृतीही टाळत होते. सोंग अगदी बिनचूक वठायला हवं असंही नाही तर! पाणबुड्यांनी मात्र पाठीवरचा पर पाहावा: विषारी माशाचा आखूड, बहुरूप्याचा लांबलचक.